गोगलगायीच्या रक्तात तांबं नेमकं कशाला धरून बसतं?

प्रश्न नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठी सापडलेल्या मोठ्या गोगलगायीचा आहे: हिमोग्लोबिनसारखंच हीममध्ये (लोह धरून ठेवणाऱ्या कड्यासारख्या रेणूत) लोहाऐवजी तांबं बसतं का? नाही. गोगलगायीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोसायनिन या प्रथिनात हीम नसतंच, नावामुळे हा घोळ कायम होतो.

तांब्याचे 2 अणू शेजारी-शेजारी असतात आणि प्रत्येकाला थेट प्रथिनाचीच 3 हिस्टिडिनं (एक अमिनो आम्ल) धरून ठेवतात, म्हणजे एका जागी 6. ऑक्सिजन नसताना तांब्यावरचा भार +1 असतो, रंग नाही. ऑक्सिजनचा एक रेणू दोन्ही अणूंच्या मध्ये आडवा बसतो, तांबं +2 होतं, ऑक्सिजन पेरॉक्साइडसारखा वागतो आणि निळा रंग येतो. गोगलगायीत अशा 160 जागा एका पोकळ दंडगोलात रचलेल्या असू शकतात; एवढं मोठं प्रथिन पेशीत न राहता सरळ रक्तद्रवात तरंगतं, ही रचना खरंच बघण्यासारखी आहे.

प्रयोगशाळेत बघायचं तर नमुना बर्फात ठेवा आणि 345 नॅनोमीटरजवळचं प्रकाशाचं शोषण मोजा. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर राहिला की जंतू ऑक्सिजन खाऊन टाकतात, निळेपणा जातो. हवेत हलकेच हलवा: रंग परतला तर प्रथिन ठीक. परतला नाही तर बहुधा तांबं +2 वरच अडकलंय किंवा प्रथिन उलगडलंय. ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) सवयीने घालू नका. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं आणि दंडगोल सुटा होतो.

आणि रक्त लालच निघालं तर? ती चपट्या चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस नावाची गोगलगाय असेल, तिच्यात खरोखर लोहाचं हिमोग्लोबिन असतं.