घाटात गरम झाली की बंद

प्रश्न : वडिलांची 1986 ची साडेतीनशे बुलेट आहे, पॉइंटवाली (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क, म्हणजे पॉइंट, असलेली). सकाळी एका किकला सुरू होते; पण महाडहून निघून वरंधा घाट अर्धा चढला की फटफट करत बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा चालू. कार्बोरेटर साफ करून झाला. आता काय पाहू? (एक वाचक, महाड)

उत्तर : कार्बोरेटरला आता सुट्टी द्या. बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडा (काडी-सिगारेट लांब!). सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. बारीक तार घाला, विषय संपला.

तसं नसेल, तर माझा संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवर ठिणग्या उडू न देणाऱ्या छोट्या डबीवर. तापला की दगा देतो, गार झाला की पुन्हा साळसूद! म्हणून तपासणी घरी गार गाडीवर नको, तिथंच घाटात करा. पॉइंटची टोपी काढा आणि सोबत्याला किक मारायला सांगा. पॉइंट उघडताना जाड, पिवळट ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर बदला. पॉइंटची टोकं काळवंडली असतील, तर बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि भुकटी कोरड्या फडक्यानं पुसा. घाईत हेच राहतं. पॉइंट पूर्ण उघडे असताना फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं साधन) पट्टी हलकीशी घासत सरकली पाहिजे.

एवढ्यावरही रड तीच, तर संशय इग्निशन कॉइलवर (स्पार्क प्लगला जास्त दाबाची वीज देणारी). नवी घेण्याआधी मित्राच्या गाडीची लावून बघा.