देव ऐकतो, मग उशीर का?

प्रश्न : मुलीचं लग्न जमावं म्हणून वर्षभर संकष्टी करते आहे. एक आजारपणात चुकली. अजून कुठेच जमत नाही. घरचे म्हणतात, निर्जळी उपवास धरा. धरू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, निर्जळी मुळीच धरू नका. पुण्यात संकष्टीचा चंद्रोदय काही महिन्यांत रात्री दहाच्या आसपास असतो. तोवर पाणीही न घेतल्यास पित्त, डोकेदुखी, चक्कर ठरलेली, आणि आरतीच्या वेळी लक्ष गणपतीऐवजी घड्याळाकडे. दूध-फळं घ्या. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी असेल, तर उपवासाचं आधी डॉक्टरांना विचारा. चुकलेल्या चतुर्थीची भीती नको. पुढची नेहमीसारखी करा.

खरी अडचण संकल्पात आहे. 'यंदा मार्गशीर्षात जमू दे' असं म्हटलं, की मुदत आपण घालतो आणि ती टळली की देवच नाही म्हणाला असं वाटतं. हातात पाणी घेऊन संकल्प सोडताना महिना काढून टाका. 'योग्य स्थळ, योग्य वेळी' एवढंच मागा. उशिरामागचं कारण आज आपल्याला दिसत नाही. पण आपलं मागणं त्याच्यापर्यंत पोचलं आहे, यावर मनापासून विश्वास ठेवा. नवसावर नवस तर अजिबात चढवू नका, फेडताना ओझं होतं.

आणि मुलीला विचारलंत का, तिला आत्ता लग्न हवं आहे का? हे आधी व्हायला हवं. स्थळं पाहणं चालू ठेवा, पण दर नकाराची चर्चा तिच्यासमोर नको. संध्याकाळी दोघी मिळून एकदा अथर्वशीर्ष म्हणा, सावकाश. पाच-सात मिनिटं पुरतात.