वाचकांचे प्रश्न : मोर्चाने तिजोरी उघडते का?

प्रश्न : महामार्गांसाठी सरकारकडे पैसा असतो, शाळा, दवाखाने किंवा शेतमजूर यांचा विषय निघाला की तिजोरीत खडखडाट. निवेदने, धरणे, मोर्चे यांनी खर्चाचा हा क्रम कधी बदलला आहे का, की अहिंसा म्हणजे केवळ मनाची समजूत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण नोकरीत असाल तर आपली पगारपावती काढून पाहावी. व्यवसाय कर म्हणून बहुतेक पगारदारांचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. (फेब्रुवारीतल्या त्या जादा शंभरावर कुरकुर करणाऱ्यांत मीही होतो.) १९७५ साली हा कर बसवला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी, आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर राज्य सरकारनेही घालावी, असे ठरले.

ही योजना सरकारला आपण होऊन सुचली नव्हती. १९७२-७३च्या दुष्काळात एका टप्प्यावर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर होती. हजेरीपटावर नाव लागावे, मजुरी वेळेवर मिळावी आणि दुष्काळ सरला तरी काम बंद होऊ नये, यासाठी डाव्या व समाजवादी संघटनांनी मजुरांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर नेले. त्यातले काही घेराव गांधीजींच्या कसोटीला कितपत उतरले असते, याची मला शंका आहे. तरी बळ होते ते शस्त्रांचे नव्हे, संख्येचे आणि चिकाटीचे.

मात्र सगळे श्रेय मोर्चांना देणे भाबडेपणाचे ठरेल. आपल्याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी या कल्पनेचा प्रयोग आधीच केलेला होता आणि ते विधान परिषदेचे सभापती असल्याने मागणीला सभागृहात वजनदार वकील मिळाला. शिवाय कराचा भार मुख्यतः शहरातील पगारदारांवर पडणार होता, तर तलाव आणि रस्ते बागायतदारांच्याही उपयोगाचे होते, त्यामुळे ज्यांनी एरवी विरोध केला असता तेही गप्प राहिले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राने अशी हमी कायद्याने दिली ती २००५ साली.

म्हणून माझे मत असे की अहिंसक चळवळ खर्चाचा क्रम बदलू शकते, पण मागणीला कायद्यातले कलम आणि तिच्या नावाचा स्वतंत्र निधी मिळाला तरच. नुसते आश्वासन पुढच्या अर्थसंकल्पात विरून जाते. तेवढ्यानेही भागत नाही. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा लागतो, हे कायद्यात आहे. म्हणूनच गावात मजूर अर्ज घेऊन जातो तेव्हा अर्ज ठेवून घेतला जातो, पण तारीख घातलेली पोच द्यायला टाळाटाळ होते. कित्येक ठिकाणी बायाबापड्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर दिवसभर बसल्या आहेत त्या कामासाठी नव्हे, त्या चिठोऱ्यासाठी, कारण तारीखच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?