डीजे म्हणून चालतो, पण स्वतःचं गाणं जमत नाही, म्हणजे टॅलेंटच नाही का?

आषाढ लागला की आमच्या जळगावकडं लग्नं थांबतात आणि डीजेवाली पोरं रिकामी होतात. अशाच एका पावसाळ्यात एक पोरगा आईसोबत माझ्याकडं समुपदेशनाला आला, वय 24, पाचोऱ्याकडचा (ओळख बदललीये). सात वर्षं डीजे वाजवतोय, हळदीत कोणत्या गाण्यावर मावश्या उठतील आणि कोणत्या गाण्यावर पोरं टेम्पोपुढं उड्या मारतील हे त्याला बरोब्बर कळतं. पण 14 महिन्यांपासून तो स्वतःचे इलेक्ट्रॉनिक ट्रॅक बनवायला बसला होता आणि लॅपटॉपमध्ये साठ-सत्तर फाईली, एकही पूर्ण नाही, सगळे आठ-आठ बारचे लूप, म्हणजे तेच ते फिरून वाजणारे छोटे तुकडे. "फाईल उघडी का मालेच लाज वाटस ताई," म्हणला. आणि मग तोच प्रश्न, की माझ्यात टॅलेंटच नाही का.

आई म्हणे रात्रभर कानाला हेडफोन, जेवायला उठत नाही. असं ऐकलं की मी आधी झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारून घेते. तसं काही नव्हतं. तरी 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी टेलिमानस नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला, तो मी सगळ्यांनाच देते.

मग त्याला म्हटलं, एक ट्रॅक लाव आणि काय बिघडलंय ते मला समजेल असं सांग. अर्धा तास बोलला! किक (म्हणजे ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकमेकांच्या अंगावर येतायत, किक पडते तेव्हा बेस क्षणभर खाली दाबावा लागतो त्याला साइडचेन म्हणतात, ड्रॉपच्या (म्हणजे गाणं एकदम जोरात फुटतं त्या जागेच्या) आधी जागा रिकामी केली नाही तर ड्रॉप लागतच नाही, लॅपटॉपच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही म्हणून मी वाढवत जातो आणि मोठ्या सिस्टीमवर सगळा चिखल होतो. मला निम्मं समजलं. पण आपलं काय चुकलंय हे ज्याला इतकं बारीक कळतं त्याचा कान तयार आहे हो, हात अजून तयार व्हायचाय. कान सात वर्षांचा, हात 14 महिन्यांचा, मग हातानं केलेलं कानाला कसं आवडेल? हे मी त्याला असंच सांगितलं, तो बराच वेळ गप्प बसला.

मग खरं दुखणं बाहेर आलं. मार्टिन गॅरिक्स, नेदरलँड्सचा डीजे. त्याचं गाणं 2013 मध्ये जगभर वाजलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता आणि सॉफ्टवेअर कोणतं तर एफएल स्टुडिओ, म्हणजे ह्याच्याकडं आहे तेच. "तो 17, मी 24." आम्ही तिथंच मोबाईलवर शोधलं, तर 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या उद्घाटनात टिएस्टो ह्या डीजेला वाजवताना टीव्हीवर बघून गॅरिक्सनं डीजे व्हायचं ठरवलेलं, तेव्हा तो 8 वर्षांचा. मधली 9 वर्षं ह्यानं मोजलीच नव्हती.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टेम्पोवर असताना समोरची गर्दी दहा सेकंदात सांगते की जमलं का नाही, आणि खोलीत दार लावून बसल्यावर कोणीच काही सांगत नाही, तिथं फक्त आपलाच कान असतो आणि तो तर कडक मास्तर. त्यात चार महिने ऑर्डर नाही, म्हणजे शाबासकी पण बंद. ह्याला आळस म्हणू नका असं आईला मुद्दाम सांगितलं.

ठरवलं ते एवढंच. सहा आठवडे नवा लूप सुरू करायचा नाही, जुन्यातला एकच घ्यायचा आणि वाईट का होईना तीन मिनिटं शेवटापर्यंत न्यायचा, रात्री दहानंतर लॅपटॉप बंद. ऑर्डरी सोडायच्या नाहीत, कारण तो पैसा आहे म्हणून तर शिकायला वेळ मिळतोय. दुसऱ्या आठवड्यात त्यानं गुपचूप तीन नवे लूप केले आणि स्वतःच कबूल केलं, मी रागावले नाही.

तुळशीच्या लग्नानंतर अमळनेरकडं एका हळदीत त्यानं दोन गाण्यांच्या मधे आपला ट्रॅक कोणाला न सांगता लावला. पुढच्या भेटीत मी विचारलं, लोक थांबले का? "नाही थांबले, नाचत होते. पण दुसऱ्या ड्रॉपला बेस फुगला ताई," म्हणला, आणि मोबाईलमध्ये लिहून आणलेलं मला दाखवायला लागला.