योगायोग, ऋणानुबंध की नुसती गाठ?

प्रश्न असा आहे: स्वतःची चित्रं, छायाचित्रं, कविता नेटवर टाकल्या की कुणीतरी अनोळखी माणूस त्या पाहून लिहितो आणि ओळख होते. अशा भेटीला 'योगायोग' म्हणावं की 'ऋणानुबंध'? आणि तिचं मोल वाटतं हे सांगताना 'जपणे' बरं की 'जतन करणे'?

'योगायोग' चालेल, पण त्याआधी 'निव्वळ' नको. 'साधर्म्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा' हे वाक्य आठवून पाहा. तिथे 'निव्वळ योगायोग' म्हणजे संबंध नाकारणं. कावळा बसला आणि फांदी मोडली, या दोन्हींत कार्यकारण नाही, फक्त वेळ जुळली. संस्कृतात यालाच काकतालीय म्हणतात (तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं), आणि हे रूप पाणिनीच्या 5.3.106 या सूत्राने सिद्ध होतं. नेटवरच्या ओळखीत मात्र कारण अर्धं तरी हजर असतं: चित्र टाकलं म्हणून ते दिसलं. कुणाला दिसलं, एवढाच भाग दैवाचा. घुणाक्षरन्याय तर इथे लावूच नये. लाकूड पोखरताना किड्याकडून अक्षरासारखी आकृती उमटते, म्हणजे कर्त्याला काही कळत नसतं. चित्रकाराला ही उपमा आवडणार नाही. 'यदृच्छालाभ' हा शब्द अर्थाने नेमका बसतो. मागितलं नाही, पण आपणहून आलं, गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्टो' (4.22) तोच. फक्त रोजच्या बोलण्यात तो फार जड होतो.

'ऋणानुबंध' पहिल्याच भेटीला लावणं घाईचं. ऋण अधिक अनुबंध, म्हणजे मागल्या जन्मीच्या देण्याघेण्यामुळे पडलेली बांधणी. नातं टिकलं, त्याचं कारण सांगता येईना, की मागे वळून वापरायचा हा शब्द. एका प्रतिसादावरून ऋणानुबंध जाहीर केला, तर समोरच्याला संकोच होतो. 'ऋणानुबंधन' हे रूपही टाळावं. 'अनुबंध'मध्ये बांधणं आलेलंच आहे.

खरं तर नामाच्या शोधात फार अडकू नये. भेट ठरवून झाली की अवचित, हे मराठी बहुतेकदा क्रियापदातून सांगते. 'भेट घेतली' म्हटलं की मुद्दाम गेलात. 'भेट झाली' तटस्थ. 'भेटीचा योग आला' म्हणजे इच्छा होती, जुळून आलं. 'गाठ पडली' म्हणजे ध्यानीमनी नसताना. (मात्र 'गाठ माझ्याशी आहे' ही धमकी होते, तेव्हा 'पडणे' सोडू नका.) 'ओळख निघाली' हे आणखी वेगळं: बोलता बोलता दोघांच्या परिचयाचं तिसरं माणूस किंवा जुना धागा सापडला. नुसतीच नवी ओळख झाली असेल, तर 'निघाली' चुकतं.

कर्ता कोण, यानेही फरक पडतो. 'मी एका चित्रकाराला भेटले' यात ठरवून गेल्याचा सूर आहे. 'मला एक चित्रकार भेटला' यात तो वाटेत आला. 'येऊन' घातलं की हेतू त्याच्याकडे जातो: 'तो मला येऊन भेटला'. वाचकांचंही तसंच. 'वाचक मिळवले' यात खटपट, 'मिळाले' यात काहीच रंग नाही, 'लाभले' यात कृतज्ञता. 'लाभणे'शेजारी आकडा ठेवू नये. 'आठशे वाचक लाभले' वाचताना हिशेबाचा वास येतो. 'सापडणे' माणसांना जपून लावावं, कारण चोरही सापडतो.

चेहरा पाहिलेला नाही, फक्त लेखी बोलणं झालं, तर काटेकोर लिहिताना 'ओळख' किंवा 'परिचय' म्हणावं आणि 'भेट' प्रत्यक्षासाठी राखावी. बोलण्यात 'ऑनलाइन भेटलो' रुळलंय, त्याला हरकत नाही. 'चित्र टाकलं' हेही रुळलंय. फक्त 'टाकून दिलं' लिहू नका, अर्थ उलटतो.

आता 'जपणे'. जतन करायची ती वस्तू किंवा नोंद: पत्रं, निरोप, जुना प्रतिसाद. जपायची ती नाजूक गोष्ट, जिला धक्का लागू शकतो: ओळख, आठवण, मन. 'जोपासणे'त वाढवणं आहे, म्हणून स्नेह जोपासतात. एकदाच झालेली भेट जोपासता येत नाही. तेव्हा 'त्यांचा पहिला निरोप जतन करून ठेवलाय, ओळख जपली आणि पुढे स्नेह जोपासला' अशी तीनही क्रियापदं एका वाक्यात बिनतक्रार नांदतात. सुरुवातीच्या नवलाईसाठी 'अप्रूप' आहे. 'अपूर्व'वरून आलेला हा शब्द षष्ठी आणि 'वाटणे' घेतो: 'मला त्या निरोपाचं अप्रूप वाटलं'. दहाव्या निरोपाला तो सैल पडतो. तिथे 'मोल वाटतं' म्हणावं. 'भेटीची कदर करते' मात्र मराठीत नीट बसत नाही. कदर गुणांची किंवा कामाची होते, म्हणून 'त्यांनी चित्राची कदर केली' हे बरोबर.