देव त्याला अडवत का नाही?

ताई,

तुमचं खानापूर तालुक्यातलं घर पत्रातून डोळ्यांपुढे आलं. धाकटा मुलगा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, पगार दारूत जातो, उधारी तुम्ही काजू विकून फेडता. थोरल्याने त्याच्याशी बोलणं टाकलंय. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करून थकलात. देवाला सगळं जमतं, मग तो याचा हात का धरत नाही, असं विचारता. येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) झाल्यावर सगळ्यांसमोर त्याला शपथ घ्यायला लावू का, हेही.

शपथ नको. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेततं. शिवाय चारचौघांत लाजेपोटी घेतलेली शपथ किती दिवस टिकणार?

आता देवाचं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला उधळ्या पुत्राचा बाप आठवा. धाकट्याने आपला वाटा मागितला आणि दूर देशी जाऊन उधळला. नोकरचाकर होते, पोराला बांधून आणणं त्याला अवघड नव्हतं. त्याने वाटा दिला आणि जाऊ दिलं. परत आलेला मुलगा म्हणायला लागतो, मी तुझा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. बाप त्याला पुढे बोलूच देत नाही, अंगावर झगा घालायला सांगतो. त्याला मुलगाच हवा होता, आणि मुलगा आपल्या पायांनीच घरी यावा लागतो. देव जबरदस्ती करत नाही त्याचं कारण मला इथे दिसतं. येशूला पकडायला आले तेव्हा बारा सैन्यांहून अधिक देवदूत मागता आले असते, असं तो स्वतः म्हणतो; मागवले नाहीत. हा आवर देवाने स्वतः सोसलेला आहे.

तरी तो बाप हातावर हात ठेवून बसलेला नाही. पोरगा लांब दिसताच धावतो. धाकट्याच्या स्वागतावर रुसून बाहेर थांबलेल्या त्याच्या थोरल्या मुलासाठीही बाहेर येऊन विनवतो. थोरला आत गेला का, ते लूक सांगतच नाही. दूर देशी पैसे पाठवल्याचं मात्र कुठे नाही.

म्हणून उधारी फेडणं बंद करा. जेवायला वाढा, दार उघडा. व्यसनात माणसाचं स्वातंत्र्यच आजारी पडतं, उपचाराने ते परत मिळू शकतं. सकाळी, तो शुद्धीत असताना विचारा, "डॉक्टरकडे येतोस?" हो म्हणाला तर त्याच दिवशी बेळगावला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. नाही म्हणाला तर चार दिवसांनी परत विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तुम्हीही बोला. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो.

संत मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करत होती. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे स्वतः संत झाला, ३८३ साली आईला फसवून रातोरात जहाजाने रोमला गेला. त्याने बाप्तिस्मा घेतला तो ३८७ मध्ये, मिलानला. तुमच्या घरी असंच होईल असं वचन मी देऊ शकत नाही. तुमच्या लेकाच्या नकारालाही देवाने जागा ठेवली आहे, आणि एका आईला हे लिहिताना मला फार जड जातंय.

नोव्हेना सोडू नका. थोरल्यालाही जवळ बसवून एकदा सगळं बोलू द्या. त्याचा राग खरा आहे.