आधी साल विचार

प्रिय बाळ,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. वाचनालयातल्या भाषणात ‘पॉश’ हा इंग्रजी शब्द कसा आला याची गोष्ट ऐन रंगात आलेली असताना एका आजोबांनी उठून पुरावा मागितला आणि तुझी बोबडी वळली, हे वाचून वाईट वाटलं. पण पुढच्या वाक्याला मी वैतागलेच. ‘बाई, गोष्टी काढल्या तर शब्दात उरतं काय?’

अगं, शब्द उरतो!

विलायतेहून मुंबईला येणारी पी अँड ओ कंपनीची बोट, श्रीमंतांसाठी जाता-येता सावलीच्या बाजूची केबिन, आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी बाजू, परतताना उजवी) याची आद्याक्षरं. गोष्ट छान आहे. फक्त तसं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. शब्दाचं मूळ अज्ञात आहे, आणि ‘अज्ञात’ असं म्हणायला लाजायचं नसतं. म्हणून सांगते, आधी साल विचार. तो शब्द त्या अर्थाने पहिल्यांदा कुठे छापला गेला, कोणत्या वाक्यात, कोणत्या साली? ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ ते १९२८ अशी चव्वेचाळीस वर्षं भागाभागाने निघत राहिला, तो याच प्रश्नावर. हजारो वाचकांनी चिठ्ठ्या पाठवल्या: शब्द, वाक्य, पुस्तक, साल. चिठ्ठीवर साल नसेल तर ती कोशकाराच्या काय कामाची?

हे मी उशिरा शिकले. ‘सिन्सिअर’ म्हणजे लॅटिन ‘सिने सेरा’, मेण नसलेला. भेगा मेणाने न बुजवलेली मूर्ती विकणारा तो प्रामाणिक. बावीस वर्षं मी हे वर्गात सांगितलं. खरं तर तो शब्द लॅटिन ‘सिन्सेरुस’वरून आला, अर्थ शुद्ध, निर्भेळ; मेणाची कथा नंतर चिकटवलेली. मला हे कळलं त्याच्या पुढच्याच वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या मानपत्रात मुलांनी तीच मेणाची गोष्ट घातली होती. मी ऐकत बसले, हसले, शाल घेतली. उठून ‘हे चूक आहे’ म्हणाले नाही. ती मुलं आज स्वतः शिकवतात, आणि बहुतेक तेच शिकवतात.

तेव्हापासून मी हट्टी झाले. एका रविवार पुरवणीत शब्दांवर सदर लिहीत होते. संपादकांना ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे हवं होतं. मी म्हटलं, तो ‘न्यू’चा साधा अनेकवचनी शब्द आहे, नव्या गोष्टी. आठव्या आठवड्याला सदर बंद. घरचे म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी? एवढीशी नव्हती ती. आजही मी तेच करेन.

आणि खऱ्या गोष्टी नीरस असतात असं तुला कुणी सांगितलं? ‘एप्रन’ बघ. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘नाप्रन’ होता. ‘अ नाप्रन’ म्हणता म्हणता लोकांनी ‘न’ चुकीच्या बाजूला तोडला आणि झालं ‘अ‍ॅन एप्रन’. हे पंधराव्या शतकापर्यंतच्या लेखी नोंदींत दिसतं. आता कुणीतरी म्हणेल, ‘ऑरेंज’चंही तसंच, ‘अ नॉरेंज’वरून. थांब. साल विचार! आपला संस्कृत ‘नारङ्ग’ फारसी-अरबीतून युरोपात गेला. स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’ म्हणून त्याचा ‘न’ टिकला, पण इटालियन-फ्रेंचमध्ये गळला तो इंग्रजीत पोचण्याआधीच. इंग्रजांना तो बिन-‘न’चाच मिळाला. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी, एक खरी, एक खोटी, आणि निवाडा नोंदींनी केलेला. यात तुला रस वाटत नसेल तर हा नाद सोड, मी रागावणार नाही.

पण तुला वाटतो, मला माहीत आहे. ‘नाइस’चा चौदाव्या शतकातला अर्थ ‘मूर्ख’ होता, हे तुला सांगितलं तेव्हा तू दुसऱ्याच दिवशी वही घेऊन आली होतीस.

आजोबांना पत्र लिही, चूक मान्य कर. आणि दिवाळीत येशील तेव्हा ‘मंगूस’ची चिठ्ठी लिहून आण. आपला ‘मुंगूस’ सतराव्या शतकात इंग्रजीत शिरला. त्याच्या शेवटच्या ‘गूस’चा हंसाशी काही संबंध नाही. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश काढून ठेवते. पान तू उघड.

तुझ्या बाई